दिगंबर, क्लॅरिनेट, वय सदुसष्ट

मी जन्मभर मोजत आले. लातूरला सांख्यिकी कार्यालयात नोकरी. पीक कापून वजन करायचं, म्हशी मोजायच्या, विहिरी मोजायच्या, दर काही वर्षांनी माणसं मोजायची. ऐकणाऱ्याला वाटतं, किती कंटाळवाणं काम! कंटाळवाणं आहेच. पण त्यात एक चटक आहे. अनोळखी घरात हक्कानं जाऊन बसायचं आणि सख्ख्या भावानं विचारले तर भांडण होईल असले प्रश्न विचारायचे. लोक उत्तरं देतात, वर चहाही देतात.

निवृत्त झाल्यावर दोन महिने घरी बसले. तेवढ्यात आमच्या ह्यांनी हात टेकले. "डब्यातले चमचे मोजून राहिलीस तू," म्हणाले, "बाहेर काही काम बघ." नेमकं तेव्हाच एका संस्थेचं बोलावणं आलं. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत गाण्यावाजवण्यावर ज्यांचं पोट आहे, त्यांची पाहणी करायची होती. कारण साधं होतं. अशा माणसांची नीट यादीच कुणाजवळ नव्हती. यादी नाही म्हणून ओळखपत्र नाही, तालमीला जागा नाही, फुंकून फुंकून छाती गेली आणि बडवून बडवून कान गेले तरी तपासणी नाही. शहरात कार्यक्रम ठरला की ओळखीच्या चार नावांना फोन जातात. बाकीचे कुठे आहेत, आहेत की नाहीत, कुणाला पत्ता नसतो.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. वाजवणारी माणसं एका गल्लीत सापडत नाहीत, म्हणून साखळी लावायची. भेटलेल्या प्रत्येकाला शेवटी विचारायचं, तुमच्यासारखे आणखी तीन सांगा. ते तिघे आणखी तिघे सांगतात. नांदेडहून सुरू केलेली साखळी अशी मुखेडला जाते, लातूरची औशाला आणि चाकूरला जाते, कारण शहरात वाजवणारे सगळे शहरात राहत नाहीत. बेचाळीस प्रश्न, ते टॅबवर भरायचे. माणूस सांगेल तेच लिहायचं, वाद घालायचा नाही. आणि शेवटी एक फोटो, कामाच्या वेषात. ही वेषाची अट मी घातली होती. मला वाटलं, ओळखपत्रावर रुबाबदार दिसेल. पुढचं सगळं माझ्या त्या हुशारीमुळे झालं.

सोबतीला नांदेडचे बशीर सर होते, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. उजवा गुडघा जरा आखडलेला, स्वभाव गोड. माझी जीभ तिखट. त्यामुळे जोडी जमली.

पहिल्याच आठवड्यात लातूरच्या एका तबल्याच्या गुरुजींनी आम्हाला दारातच अडवलं. टॅबवर वर लिहिलं होतं, 'संगीत कामगार पाहणी'. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कामगार? मी कामगार?"

"गुरुजी, शब्द वरून आलाय."

"मग वरच पाठवा परत."

शेवटी त्यांच्या मंडळींनी पोहे आणले आणि प्रकरण मिटलं. 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी मला 'साधना' लिहायला लावलं. टॅबमध्ये साधना नव्हती. मी 'इतर' वर बोट ठेवलं आणि त्यांना सांगितलं नाही. बँडवाल्यांचं नेमकं उलटं. त्यांना कलाकार म्हटलं की मान खाली घालतात. "आम्ही कशाचे कलाकार ओ बाई, आम्ही वाजवणारे." गुरुजींचा ताठा आणि बँडवाल्यांचा संकोच, दोन्ही माझ्या एकाच यादीत शेजारी शेजारी बसले.

औशाला एक पेटी दुरुस्त करणारे आजोबा भेटले. किल्ल्याच्या अलीकडे एक अंधारी खोली, तिच्यात भिंतीला लागून पंधरा-वीस हार्मोनियम. दुरुस्त झालेल्या, पण न्यायला कुणी न आलेल्या. ज्यांच्या होत्या ते वारले, पोरांना नको. उन्हाळ्याची दुपार होती. आम्ही बोलत असताना एका पेटीचा भाता आपोआप सुटला आणि तिनं लांब, बारीक सूर धरला. मी दचकले. आजोबांनी मान वर न करताच म्हटलं, "हे ह्या पेटीचे मास्तर. ह्या वक्ताला रोज बसतात." उन्हानं चामडं आखडतं, हवा सुटते, मला काय कळत नाही? पण पुढचे प्रश्न मी भराभर उरकले, हे खरं आहे. बशीर सर तर आधीच पायरीवर जाऊन उभे राहिले होते.

आता मुखेडचं सांगते. नावं सगळी बदललेली आहेत. हे वाक्य लिहिताना मला कसंसं झालं. का ते वाचल्यावर कळेल.

मुखेडची ती बँड पार्टी नांदेडच्या लग्नांत फार नावाजलेली. साखळीत पाच-सहा जणांनी तरी तिचं नाव घेतलं. "दिगंबरचं क्लॅरिनेट ऐकलं न्हाई तर काय ऐकलं?" असं एकानं नांदेडात सांगितलं. मी फोनवर दिवस ठरवला आणि बजावलं, फोटो काढायचेत, सगळ्यांनी वर्दीत या.

एसटीनं गेलो. गावाबाहेर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. ऐन दुपारी नऊ जण बाकावर ओळीनं बसलेले. लाल कोट, सोनेरी काठ, डोक्याला टोप्या. बँडवाले बसले की तंबाखू, थट्टा, एकमेकांना शिव्या, हे ठरलेलं असतं. इथं कुणी बोलत नव्हतं. नऊच्या नऊ जण हात मांडीवर ठेवून आमच्याकडे बघत होते.

पहिला ट्रंपेटवाला.

"नाव?"

"इस्माईल."

मी वर बघितलं. कपाळावर अष्टगंधाचा ताजा टिळा.

"वय?"

"एकसष्ट."

पोरगा पंचवीस-सव्वीसचा असेल. मिशी सुद्धा धड दाट नव्हती. मला वाटलं, बाईमाणूस बघून चेष्टा करून राहिलेत. पण कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं. किती वर्षं वाजवता? चव्वेचाळीस. बशीर सर हसून म्हणाले, "अस्सलाम आलेकुम, इस्माईलभाई." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "वालेकुम अस्सलाम, मास्तर. गुडघा काय म्हणतो?"

बशीर सरांचं हसू तिथंच थांबलं. नंतर बसमध्ये ते म्हणाले, "मॅडम, मेरे भाई की शादी में इस्माईलभाई नाम का ट्रंपेटवाला था. जब भी मिलता, पहले घुटना पूछता."

"सर, तुम्ही लंगडता. कुणीही विचारील."

"हां," ते म्हणाले. "वैसाच होगा."

शेडमध्ये मी नियमाप्रमाणे एकसष्ट लिहिलं आणि शंकेची खूण केली. पुढचा मोठ्या ढोलाचा, सोपान, वय बहात्तर. दिसायला चाळिशीचा गडी. सगळ्यांचं असंच. मी आपली लिहीत गेले, खुणा करत गेले. 

सातवा दिगंबर. अंगानं बारका, कोट खांद्यावरून उतरलेला, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. क्लॅरिनेट मांडीवर आडवं. आवाज घोगरा आणि आत ओढलेला. बोलायच्या आधी तीनदा खोकला, डाव्या हाताची पालथी बाजू तोंडाला लावून.

"वय?"

"सदुसष्ट."

"घरी कोण कोण?"

"मंडळी. शेवंता."

"मुलंबाळं?"

"एक लेक. बारावी झालेली."

"आता काय करते?"

 बाकावरच्या बाकी आठांनी एकदम माना खाली घातल्या.

"ती गेली," तो म्हणाला.

"सासरी?"

"गेली म्हणलं की, बाई."

अशा वेळी पुढं विचारत नसतात. मी मुलीच्या रकान्यात 'मयत' लिहिलं. मग नमुन्याला दोन मिनिटं वाजवायला सांगितलं. त्यानं मुलीची पाठवणी करताना वाजवतात तसलं काही वाजवलं. मला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही, लग्नात बँड आला की मी कान झाकते. पण त्या दिवशी मला माझी आई आठवली, माझ्या लग्नात दाराला धरून उभी राहिलेली, आणि मला पाठ फिरवून पत्र्याकडे बघत उभं राहावं लागलं. त्यानं थांबून श्वास घेतला तो आवाज मात्र वाईट होता. कोरड्या पाल्यातून काहीतरी सरपटत जावं तसा.

दोन महिन्यांनी ओळखपत्रं निघाली. ते दाखवलं की नांदेडला छातीची आणि कानाची तपासणी होती. नळीत जोरात फुंकायचं आणि किती श्वास आहे ते बघायचं. कागद जमवायचं काम माझ्याकडेच होतं. दिगंबरच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'श्वास वयाच्या मानाने ठीक'. मी तो गठ्ठ्यात लावला. बरं वाटलं, म्हातारा तगून आहे म्हणून.

आमच्या कामात एक पडताळणी असते. भरलेल्या दर दहा फॉर्मांतल्या एकाला न सांगता परत भेटायचं. शंकेच्या खुणा मुखेडच्या सगळ्यात जास्त, म्हणून मी बाजाराच्या दिवशी तिकडे गेले. आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगामागे मोठ्या ढोलाचा सोपान बसलेला. मी हाक मारली, "काय सोपानराव, बरं आहे का?"

त्यानं ओळखलं. मोकळा हसला. "सोपान न्हाई ओ बाई. मी बालाजी. सोपान माझा आजा."

"मग त्या दिवशी तुम्ही—"

"त्या दिवशी वर्दीत होतो की! तुम्हीच म्हणलात वर्दीत या." मग त्यानं मला गोणीवर बसवलं आणि हातवारे करत सगळं सांगितलं. ऐका, कारण असली चाल मी तीस वर्षांत कुठल्याच खेड्यात पाहिली नव्हती.

वाजवणाऱ्याच्या घरी कुणी गेलं की त्याला सुतक. सुतकाचा माणूस लग्नात नवरदेवापुढे कसा चालणार? शुभकार्य आहे. त्यात हे लोक सगळे एकमेकांचे भाऊबंद, म्हणजे एक मेला की अर्धा बँड घरी. ऐन लग्नसराईत असं झालं तर सुपाऱ्या जातात, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या बँडाला धरतं. म्हणून ह्यांच्या पहिल्या मालकानं नियम घातला की बँडात कुणी मरत नाही. जो गेला त्याची टोपी त्याच दिवशी दुसऱ्याच्या डोक्यावर. टोपी घातली की तो तोच. नाव तेच, वय तेच, बायकामुलं तीच. इस्माईलच्या जागेवर विठोबाचा भक्त बसला तरी टोपीखाली तो इस्माईल. विचाराल तर तसंच उत्तर देणार.

"खोटं न्हाई ते," बालाजी म्हणाला. "टोपी घातली की मला आज्याचं आठवतं. मी जन्मायच्या आधीचं बी आठवतं. कसं ते नका इच्चारू. टोपी काढली, घाम पुसला, की मी बालाजी. कांदा इकायला मोकळा."

"आणि दिगंबर?"

त्याचा हात कांद्यावरच थांबला.

"दिगंबर जाऊन तीन वर्सं झाली. छातीनं गेला. सकाळी क्रिया झाली अन् दुपारी वरात होती. तसलं क्लॅरिनेट दुसऱ्या कुणाला येतंय? त्याची पोरगी, सुमन, बापाजवळच शिकलेली. तिनं बापाची वर्दी चढवली अन् उभी राहिली. नवरीकडच्यांना कळलं सुदीक न्हाई."

भोवती बाजार चालू होता, कुणीतरी भेंडीचा भाव ओरडत होतं. मला मात्र तो बाकावरचा घोगरा आवाज ऐकू येत होता. ती गेली. तिनं स्वतःच्या तोंडानं स्वतःला मयत लिहवलं होतं, आणि मी ते लिहून घेतलं होतं.

"आमचं कसं हाय," बालाजी हळू आवाजात म्हणाला, "टोपी काढली की आपण आपले. तिची टोपी निघतच न्हाई. तिची माय काढू देत न्हाई. आता तर खोकती बी बापावानी, मोजून तीनदा. बाप जायच्या आदी असाच खोकायचा."

"अहो, मग डॉक्टरला दाखवा तिला!"

"कुणाला दाखवू, बाई? दिगंबरला का सुमनला?"

तेव्हा मला तो कागद आठवला. वयाच्या मानाने ठीक. डॉक्टरांनी समोर माणूस बघितलाच नव्हता, माझ्या फॉर्मवरचं वय बघितलं होतं. सदुसष्टाव्या वर्षाला शोभेल एवढाच श्वास एका कोवळ्या पोरीच्या छातीत उरला होता. खरं सांगते, विंचूकाट्याला न भिणारी बाई मी, पण त्या भर बाजारात मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी बशीर सरांना घेऊन मी दिगंबरच्या घरी निघाले. दुरुस्तीचा फॉर्म सोबत होता. वाटेत सर दोनदा म्हणाले, "मॅडम, नक्को. ये अपना काम नहीं."

"चूक माझी आहे, सर. मयत मी लिहिलं."

 घराशी आल्यावर ते बाहेरच्या ओट्यावर बसले आणि आत आले नाहीत.

दोन खोल्यांचं घर, सारवलेलं, स्वच्छ. शेवंताबाई दारात आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली बाई. मला बघून त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "अहो, मोजणीवाल्या बाई आल्यात!"

आतून दिगंबर आला. अंगात घरचा सदरा, डोक्यावर तीच टोपी. बाजेवर मांडी घालून बसला. शेवंताबाईंनी पदर सावरून कपबशी पुढं केली. "अहो, च्या घ्या. निवून राहिला."

पोटच्या पोरीला त्या अहो म्हणत होत्या. त्या घरात तीन वर्षं हेच चाललं होतं. जेवायला वाढताना, अंथरूण घालताना, सकाळी उठवताना, अहो.

मी आडवळणं घेतली नाहीत. म्हटलं, "शेवंताबाई, मागचा फॉर्म चुकला. दुरुस्त करायला आले."

"काय चुकलं? समदं बरोबर हाय त्यात."

मी छातीचा कागद काढला आणि समजावून सांगितला. एवढ्या वयाला एवढा श्वास पाहिजे, हिचा एवढाच आहे. दिगंबर चहाकडे बघत बसला होता. दुसऱ्या कुणाबद्दल बोलणं चाललंय असं ते बसणं होतं.

"टोपी काढा तिची," मी म्हटलं.

"न्हाई, बाई." शेवंताबाईंचा आवाज चिरकला. "तुमच्या पाया पडते. टोपी काढली की घरात मढं पडंल माझ्या."

आणि मी बोलून गेले. माझी जीभ! "मढं पडायचंच आहे, शेवंताबाई. कुणाचं, ते तुम्ही ठरवा."

असं कुणी कुणाला बोलतं का? आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते. बाई भिंतीला टेकल्या.  मग बाजेवर डाव्या हाताची पालथी बाजू वर आली आणि खोकला आला. एक. दोन. तीन. तिसऱ्या वेळी हात खाली गेला तेव्हा शेवंताबाईंनी त्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. बारीक, कोवळी बोटं, आणि पालथ्या बाजूला लालसर ओल.

शेवंताबाई उठल्या.  दोन्ही हातांनी त्यांनी टोपी उचलली, देवावरचं निर्माल्य उचलावं तशी, आणि छातीशी धरली.

आत घट्ट बांधलेले केस होते. कपाळावर टोपीचा वळ. आणि खाली एका मुलीचा चेहरा. ती छपराच्या पत्र्याकडे, माझ्याकडे, चुलीकडे बघत राहिली. बसमध्ये डोळा लागून भलत्याच थांब्यावर जाग यावी तशी.

मला काय करावं सुचेना, म्हणून मी मला येतं तेच केलं. फॉर्म उघडला.

"नाव?"

तिला वेळ लागला. "सुमन." आवाज पातळ होता, घोगरेपणा कुठेच नव्हता.

"वय?"

"वीस."

"तेवीस," शेवंताबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

"वाद्य कोणतं वाजवता?"

"मी? काहीच न्हाई."

मला वाटलं लाजली. खुंटीवर क्लॅरिनेट होतं, ते काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं, खालचं पसरट टोक तोंडाजवळ नेलं आणि ओशाळून हसली. बोटं कुठल्या भोकांवर ठेवायची तेही तिला माहीत नव्हतं. तिला बापानं शिकवलं होतं असं बालाजी म्हणाला होता. ते सुद्धा गेलं होतं.

"मला कुठं येतंय?" ती म्हणाली. "बाबाला येतंय."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे मागं काही राहायला नको. महिन्याभरानं सुमननं परत नळीत फुंकलं, तेव्हा श्वास तेवीस वर्षांच्या मुलीचा होता. खोकला गेला. तिनं लातूरला नर्सिंगला नाव घातलं. क्लॅरिनेट मात्र तिला परत कधी आलं नाही. शहरातल्या वाजवणाऱ्यांना हात द्यायला निघालेली मी, त्यांच्यातलं सगळ्यात चांगलं वाजवणारं माणूस स्वतःच्या हातानं यादीतून कमी केलं. परत तशी वेळ आली तरी मी टोपी काढायलाच लावीन, पण म्हणून ते सोपं होत नाही. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट ऐकलं की मी आता कान झाकत नाही, थांबते. तसलं अजून ऐकलेलं नाही.

आणि एक. पुढल्या लग्नसराईच्या आधी बँडानं देगलूरकडचा एक वाजवणारा आणला. घरी तेलुगू बोलणारा. त्याचा फॉर्म बशीर सरांनी भरला, मी गेले नाही. संध्याकाळी सरांचा फोन आला.

"नाम दिगंबर बोला, मॅडम. उमर सडसठ."

"बरं."

"फिर मेरेकू पूछा, मास्तर, माझी लेक बरी हाय का?"

 "तुम्ही काय सांगितलं?"

"अच्छी है बोला," सर म्हणाले. "और क्या बोलता?"

हे सगळं पुढचं. त्या दुपारी मी बाजेसमोर फॉर्म घेऊन बसले होते आणि 'संगीत कामगार' या रकान्यापुढे 'नाही' वर बोट ठेवलं होतं. सही घ्यायच्या आधी भरलेला फॉर्म माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचा असतो. मी वाचायला लागले. सुमन लक्ष देऊन ऐकत होती, शाळेत हजेरी ऐकावी तशी. नाव सुमन. वय तेवीस. शिक्षण बारावी. आईचं नाव शेवंता. वडिलांचं नाव दिगंबर, हयात नाहीत.

तिनं मला हातानं थांबवलं आणि आईकडे वळली.

"आई, बाबा गेले?"

शेवंताबाईंनी टोपी खाली ठेवली. पदराचं टोक ओलं करून कपाळावरचं कुंकू पुसलं, पार पुसलं, मग येऊन तिच्याजवळ बसल्या.

"तीन वर्सं झाली गं, सुमे," त्या म्हणाल्या, आणि दोघी रडायला लागल्या.